विचारायचं, आणि पुन्हा विचारायचं

श्रोतेहो, नमस्कार.

दूर गेलेल्या माणसाची वाट बघणं गोव्यातल्या घरांना नवं नाही. तारवटी बोटीवर जातो, महिनोन् महिने दिसत नाही, मग एक दिवस बॅगा घेऊन दारात उभा राहतो आणि चार दिवसांत घरात मिसळून जातो. सीमेवरून परतलेल्या फौजी मुलाचंही असंच होईल, असं आपण धरून चालतो. पुष्कळदा होतंही. पण काहींचं होत नाही, आणि ते वेळेत कसं ओळखायचं, याबद्दल आज बोलायचं आहे.

कठीण ठिकाणच्या नेमणुकीवरून परतलेल्या सैनिकांची मानसिक तपासणी करायची पद्धत काही देशांच्या सैन्यांत आहे. अशा तपासणीत विचारतात तरी काय? प्रचलित प्रश्नावल्यांपैकी एक अगदी छोटी आहे, पाचच प्रश्नांची. ज्याच्या वाट्याला एखादा भयंकर प्रसंग आला, त्याला गेल्या महिन्याभरातलं विचारतात. त्या प्रसंगाची वाईट स्वप्नं पडतात का, किंवा नको असताना तो आठवतो का? त्याची आठवण नको म्हणून काही जागा, काही माणसं टाळता का? सतत सावध असता का, जरा आवाज झाला की दचकता का? माणसांपासून, रोजच्या कामांपासून तुटल्यासारखं वाटतं का? आणि पाचवा: जे घडलं त्याचा दोष स्वतःला किंवा दुसऱ्या कुणाला देत राहता का?

हा पाचवा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. घाबरण्याबद्दल माणूस एक वेळ बोलेल. पण सोबतचा गेला आणि आपण राहिलो, ही सल तो आईलाही सांगत नाही. तीन-चार प्रश्नांना ‘होय’ आलं म्हणजे आजार ठरला, असं मात्र नाही. तज्ज्ञाने बसून सविस्तर बोलायला हवं, एवढाच त्याचा अर्थ.

आता खरी अडचण बघा. समजा, परतल्याच्या आठवड्यात हा कागद आपल्या जवानासमोर आला. सुट्टी मंजूर झालेली आहे, थिवीचं तिकीट खिशात आहे, चवथीला घरी पोहोचायचं आहे. अशा वेळी कोण ‘होय’वर खूण करील? ‘होय’ लिहिलं तर पुन्हा डॉक्टर, पुन्हा थांबणं. वर कॅटेगरीची भीती. आपल्या सैन्यात वैद्यकीय श्रेणी ठरवताना शरीराबरोबर मनाचीही नोंद होते, आणि श्रेणी खाली आली तर पुढच्या बढतीचं काय, ही धास्ती प्रत्येक जवानाला ठाऊक आहे. अमेरिकी सैनिकांची उत्तरं नावानिशी आणि निनावी अशी दोन्ही प्रकारे घेऊन पाहिली, तेव्हा निनावी कागदावर त्रासाची कबुली कितीतरी जास्त आली. भित्रेपणाचा इथे संबंध नाही. पोट ज्या नोकरीवर आहे ती सांभाळण्याची ही साधी व्यवहारबुद्धी आहे.

दुसरी गोष्ट वेळेची. इराकहून परतलेल्या 88,235 अमेरिकी सैनिकांचा अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला. परतल्यावर लगेच एकदा आणि काही महिन्यांनी पुन्हा, असं त्यांना विचारलं होतं. दुसऱ्या वेळी तक्रारी वाढल्या. घरच्यांशी, जवळच्यांशी खटके उडण्याची काळजी तर चौपट सैनिकांनी बोलून दाखवली. सुरुवातीला घरी आल्याचा आनंद असतो, भेटीगाठी असतात. त्रास वर येतो तो नंतर.

ब्रिटनने अफगाणिस्तानातून आलेल्या सैनिकांवर आणखी एक प्रयोग केला. तपासणीनंतर काहींना त्यांच्या उत्तरांप्रमाणे सल्ला दिला, काहींना सर्वसाधारण माहिती. 2017 साली निष्कर्ष आले, तेव्हा दोन्ही गटांत फरक दिसला नाही. यावरून कुणी म्हणेल, मग तपासणी हवीच कशाला? मला तसं वाटत नाही. कागदाने विचारून, कागदानेच सल्ला देऊन भागत नाही, एवढं त्यातून दिसतं. विचारणारं माणूस हवं, ते पुन्हा यायला हवं, आणि उत्तराची शिक्षा होणार नाही याची खात्री हवी.

तीन-चार महिन्यांनी पुन्हा विचारायची वेळ येते तेव्हा जवान सुट्टीवर घरी असू शकतो, किंवा निवृत्त होऊन कायमचाच आलेला असतो. वाळपईला, पेडण्याला, डिचोलीला. म्हणजे ते दिसणार घरच्यांनाच. दिवाळीच्या आदल्या रात्री नरकासुराच्या मिरवणुकीत स्पीकर दणाणतात, पहाटे फटाके लागतात. अशा वेळी तो आतल्या खोलीत जाऊन बसला, अंगाला घाम फुटला, तर ‘सैन्यातला ना तू?’ असं त्याला कृपा करून म्हणू नका. खिडकी लावा, जवळ बसा. आणि ते एका रात्रीपुरतंच होतं की रोजच झोप नाही, हे पुढच्या दिवसांत पाहा. कँटीनची दारूची बाटली पूर्वी आठवडाभर पुरायची ती दोन दिवसांत संपते का? बायको बोलायला कचरते का? लहान मूल बापाजवळ जाईनासं झालं आहे का? हीही तपासणीच आहे, आणि ती तुमच्याशिवाय कुणाला करता येणार नाही.

‘मला मरायचं आहे’ असं त्याने बोलून दाखवलं तर दिवस मोजत बसू नका. त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी इस्पितळ गाठा. बांबोळीला गोमेकॉ, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचं इस्पितळ आहे, मनोविकारांची सरकारी संस्थाही तिथेच आहे. नौदलाचं जीवंती इस्पितळ वास्कोत आहे. इतर वेळी टेली-मानसचा क्रमांक लिहून घ्या: 14416. फोनवरून मानसिक आरोग्याचा सल्ला देणारी केंद्र सरकारची ही सेवा 2022 च्या ऑक्टोबरात सुरू झाली. दिवसरात्र चालते, पैसे लागत नाहीत. सैन्यातल्यांसाठी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात तिचा स्वतंत्र कक्ष 2023 च्या डिसेंबरात उघडला. जवान स्वतः बोलायला तयार नसेल तर वहिनींनी, आईने फोन करावा. झोप कधीपासून उडाली, चिडचिड कशावरून होते, दारू किती वाढली, हे आधी एका कागदावर टिपून ठेवा, म्हणजे बोलताना गडबड होणार नाही.

नमस्कार.