ताऱ्यांचा जन्मदर

नमस्कार श्रोतेहो.

गॅसवर वरण उतू गेलं की निळी ज्योत एकदम पिवळी होते. ती मिठातल्या सोडियमची करामत. तापलेला विरळ वायू आपापल्या ठरलेल्या रंगांतच उजळतो; त्या रंगांच्या झगझगीत रेघा म्हणजे उत्सर्जन रेषा. हायड्रोजनची तांबडी रेषा ६५६.३ नॅनोमीटर तरंगलांबीवर, ऑक्सिजनची हिरवी ५००.७ वर. एवढ्याशा रेघेवरून दूरच्या दीर्घिकेत, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या अफाट समूहात, तारे किती जोमाने जन्मताहेत ते कळतं, याचं मला अजून नवल वाटतं.

भरताची वांगी भाजायला आपण कपाशीच्या काड्या पेटवतो. भडकतात आणि बघता बघता विझतात. हायड्रोजनला उजळवणारे तारे तसेच: जड, अतितप्त, फार तर कोटीभर वर्षं टिकणारे. सूर्याचं आयुष्य हजार कोटी वर्षांचं. म्हणून तांबडी रेषा दिसली की समजावं, इथे पाळणा नुकताच हलला आहे.

पण नुसतं रेषेचं तेज पाहून भागत नाही. जळगाव शहरात वर्षाला जन्म जास्त, सातपुड्यातल्या एखाद्या पाड्यावर कमी. तुलना करायची तर दर हजारी मोजावे लागतात. दीर्घिकेतही रेषेचा प्रकाश आधीपासूनच्या ताऱ्यांच्या प्रकाशाशी ताडून पाहतात. तोच तिथला जन्मदर.

आणि तो घसरत आला आहे. विश्वाचं वय १३८० कोटी वर्षं. हजार कोटी वर्षांपूर्वीची एक दीर्घिका घ्या आणि तेवढ्याच वस्तुमानाची आजची. जुनीची तांबडी रेषा साधारण सहा-सात पट ठळक भरते. तेव्हा तारे घडवायला वायू मुबलक होता. आपल्या आकाशगंगेत आता वर्षाकाठी एक-दोन सूर्यांएवढेच तारे तयार होतात. त्या जुन्या दीर्घिकेचा प्रकाश हजार कोटी वर्षं प्रवास करून आज आपल्यापर्यंत पोचतो. इतक्या लांबून येताना विश्वाच्या प्रसरणामुळे तो ताणला जातो, तांबडी रेषा अवरक्तात सरकते. डोळ्यांना न दिसणारा तो प्रकाश टिपायलाच २०२१ च्या नाताळात जेम्स वेब दुर्बीण झेपावली.

मला सगळ्यात जास्त भुरळ घालते ती हिरवी रेषा. त्या काळी ऑक्सिजन आजच्यापेक्षा कमी होता, तरी त्याची रेषा हायड्रोजनच्या तुलनेत अधिक ठळक दिसते! ऑक्सिजनसारखी, हायड्रोजनहून जड मूलद्रव्यं वायूला थंड करतात. ती कमी असल्याने वायू जास्त तापलेला राहायचा, ताऱ्यांचे किरणही अधिक प्रखर होते. थोडक्या ऑक्सिजनचाच उजेड वाढला.

रात्रीची लाईट आली म्हणून रावेर-यावलकडे केळीला पाणी भरायला निघालेल्या भावांनो, बांधावर पोचलात की बॅटरी जरा बंद करा. थंडीत मृग नक्षत्र छान वर आलेलं असतं. ओळीतल्या तीन ताऱ्यांखाली एक धूसर ठिपका दिसेल. तो तेजोमेघ, म्हणजे उजळलेल्या वायूचा ढग, सुमारे १३०० प्रकाशवर्षांवरचा. तिथे आजही तारे जन्मताहेत, आणि त्या धूसर उजेडात हीच तांबडी, हीच हिरवी रेषा मिसळलेली आहे.