ओढीने वाढणारा तंतू

सूक्ष्मदर्शकातून टिपलेल्या चित्रफितीत पडद्यावर सरकताना दिसते आहे ते चेतापेशीच्या वाढत्या अक्षतंतूचे, म्हणजे तिचे संदेश दूरवर नेणाऱ्या लांब धाग्याचे, टोक. चित्रण अनेक पटींनी वेगवान केले आहे. प्रत्यक्षात तासाभरात हे टोक मिलीमीटरचा लहानसा अंशच पुढे जाते. त्याच्या कडेतून केसाहून कितीतरी बारीक बोटे बाहेर येतात, आजूबाजूला चाचपडतात, बरीचशी रिकामीच आखडतात. एखादे मात्र पृष्ठभागाला चिकटते आणि तंतू त्या बाजूला झुकतो. स्पॅनिश शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल यांनी १८९० मध्ये कोंबडीच्या गर्भात हे टोक ओळखले आणि त्याला वृद्धिशंकू म्हटले. त्यांच्यापुढे होते ते मृत ऊतीचे रंगवलेले पातळ छेद. काचेखाली जिवंत तंतू वाढताना १९०७ मध्ये रॉस हॅरिसन यांनी दाखवला.

या बोटांमध्ये ॲक्टिन या प्रथिनाचे धागे असतात. ते टोकाशी वाढत राहतात आणि मायोसिन हे दुसरे प्रथिन त्यांना सतत मागे ओढत राहते. पकड नसेल, तर धागे नुसतेच मागे घसरतात. पेशीच्या आवरणातील चिकटणारे रेणू बाहेरच्या आधाराशी जोडले गेले, की तीच ओढ आधारावर पडते, घसरण मंदावते आणि शंकू पुढे सरकतो. संशोधक या जोडणीला क्लचच म्हणतात. आधार मऊ असला तर तो ओढीसरशी थोडा सरकतो, कठीण असला तर जागचा हलत नाही, आणि त्या फरकावरून पेशीला आपण कशावर उभे आहोत हे कळते.

मेंदूची ऊती सगळीकडे सारखी मऊ नसते. केंब्रिजमधील संशोधकांनी २०१६ मध्ये बेडकाच्या गर्भात दाखवून दिले की दृष्टिपटलाकडून मेंदूत येणारे तंतू मऊ भागाकडे वळतात. कठीण बाजूचे तंतू भरभर आणि सरळ वाढतात, मऊ बाजूचे रेंगाळतात, त्यामुळे रांगेचे एक टोक झपाट्याने चालू लागल्यावर अख्खी रांग जशी दुसऱ्या बाजूला वळते, तशी ही जुडीही वळते. ऊतीचा कठीणपणा बदलला किंवा दाब ओळखणाऱ्या आयन-मार्गांचे (पेशीच्या आवरणातील, विद्युतभारित कण आत-बाहेर सोडणाऱ्या दारांचे) काम रोखले, तेव्हा तंतूंची वाट चुकली. रासायनिक खुणाच तंतूला वाट दाखवतात, ही समजूत त्यामुळे अपुरी ठरते.

पण अधिक नवलाची गोष्ट पुढची आहे. तंतू ठिकाणी पोहोचल्यावर शंकू उरत नाही, शरीर मात्र वाढतच राहते आणि दोन्ही टोकांना बांधलेला तंतू ताणला जातो. डेनिस ब्रे यांनी १९८४ मध्ये बारीक काचेच्या सुईने तंतूचे टोक हळूहळू ओढले, तेव्हा तो रबरासारखा नुसता ताणला न जाता खरोखर वाढला. पुढे पेनसिल्वेनिया विद्यापीठात २००४ मध्ये, वेग टप्प्याटप्प्याने वाढवत, तंतू दिवसाला ८ मिलीमीटर इतके ओढले गेले आणि ते १० सेंटीमीटर लांबीपर्यंत न तुटता पोहोचले. इतके ताणूनही ते बारीक झाले नव्हते, उलट अधिक जाड झाले होते.