सोबा घरी करायचा तर साचा आपल्याकडेच आहे

(गोव्यातल्या एका पाककला वर्गात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

सोबा, म्हणजे कुट्टूच्या पिठाचे जपानी नूडल्स, करणाऱ्या जपानी शेफचा तो व्हिडिओ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी बघितला असेल, मोठ्या परातीत पीठ मळतो, लांब लाटण्याने पातळ चौकोन लाटतो, घड्या घालतो आणि जड चौकोनी सुरीने भराभर बारीक कापत जातो, आणि ते बघून आपण ठरवून टाकतो की हे आपलं काम नव्हे. सुरीने कापायची पद्धत खरंच अवघड आहे, ती हातात बसायला वर्षं जातात. पण कुट्टूचे नूडल्स करायची ती एकच पद्धत नाही, दुसरीही आहे, आणि तिला लागणारा शिरवळ्यांचा, म्हणजे तांदळाच्या शेवयांचा, साचा इथे कितीतरी घरांत माळ्यावर पडून आहे, तो खाली काढा एवढंच मला आज सांगायचंय.

आधी पीठ समजून घेऊया. कुट्टू, इंग्रजीत बकव्हीट, हे गहू-तांदळासारखं गवतवर्गातलं धान्य नाहीच, ते आपल्या आंबट चुक्याच्या कुळातलं, म्हणून तर उत्तरेत ते उपवासाला चालतं आणि नवरात्रात त्याच्या पुऱ्या होतात. हिमाचलात किन्नौरला, उत्तराखंडात याची शेती आहे, तिथे गोड जातीला ओगल किंवा ओगला म्हणतात आणि कडवट जातीला फाफर. नूडल्सना गोड जात घ्या. आपल्याकडे उपवासाला वरी, शिंगाडा, राजगिरा, त्यामुळे कुट्टू आपल्या डब्यात आलाच नाही. नवरात्राच्या दिवसांत मोठ्या दुकानांत बघा, नाहीतर ऑनलाइन मागवा.

आता अडचण कुठे येते बघा. कुट्टूत ग्लुटेन नाही, म्हणजे चपातीची कणीक जशी ताणली जाते तसं हे पीठ ताणलं जात नाही, लाटलं की कडा फाटतात आणि उकळत्या पाण्यात तुकडे होतात. जपान्यांनी त्यावर एक तोडगा काढला, ८ भाग कुट्टू आणि २ भाग गहू, त्या सोब्याला निहाची म्हणतात. नुसत्या कुट्टूचा तो जुवारी, आणि तो करणारा हात पक्का लागतो. तुम्हाला सुरीनेच करायचं असेल तर १६० ग्रॅम कुट्टू, ४० ग्रॅम मैदा आणि ९० ते १०० मिली पाणी इथून सुरुवात करा.

दुसरा तोडगा उष्णतेचा. पिठातला स्टार्च साधारण ६५ अंशांच्या पुढे फुगतो, चिकट होतो आणि ग्लुटेनचं काम थोडंफार तोच करतो. हे मी तुम्हाला काय शिकवणार, तांदळाच्या पिठातही ग्लुटेन नाही, तरी तुमच्या आजीने त्याची उकड काढून साच्यातून शिरवळ्या पाडल्याच ना, आणि नारळाच्या दुधाच्या गोड रोसात घालून वाढल्याच ना! भूतानमध्ये बुमथांगला नेमके असेच, लाकडी साच्यातून दाबून कुट्टूचे नूडल्स काढतात, पुटा म्हणतात त्यांना. कोरियातल्या नेंगम्यॉन नावाच्या थंड नूडल्सचं पीठ तर साच्यातून थेट उकळत्या पाण्यात पाडतात. म्हणजे आपण काही जुगाड करत नाही आहोत, ही रीतसर पद्धत आहे.

२०० ग्रॅम कुट्टूचं पीठ घ्या, साधारण १२० मिली कडकडीत उकळलेलं पाणी, पण सगळं एकदम ओतू नका. आधी पाऊण पाणी घालून चमच्याने फिरवा, हाताला सोसवलं की बोटांच्या टोकांनी घोळवा, तळव्याने दाबायची घाई नको. आधी ओल्या रव्यासारखा भुगा दिसेल, मग त्याचे वाटाण्याएवढे गोळे व्हायला लागतील, रंग करडा-तपकिरी गडद होईल आणि भाजल्यासारखा एक वास सुटेल, तो वास आला की समजा पाणी सगळीकडे पोचलं. गोळे होत नसतील तरच उरलेलं पाणी घाला, तेही चमच्या-चमच्याने. जुलैत आपल्याकडे हवाच इतकी ओली असते की पिठाने आधीच ओल धरलेली असते, त्यामुळे पावसाळ्यात पाणी कमी लागतं, पुस्तकातलं माप बघून ओतू नका. मग जोर लावून मळा, गोळा गुळगुळीत झाला पाहिजे, कोरडा वाटला तर ओलं फडकं टाका. आणि गरम आहे तोवरच साच्यात भरा, गार झाला की दाबताना खांदे भरून येतात. लाकडी साचा नसेल तर चकलीचा पितळी सोऱ्या बारीक शेवेच्या चकतीने चालतो.

खाली मोठ्या टोपात तीन लिटर तरी पाणी खळखळत असू दे, मीठ नको. शेवया थेट त्यात पाडा, वर आल्या की मिनिटभर थांबून एक तोडून चाखा, मग लगेच काढून गार पाण्यात हाताने हलक्या चोळून धुवा. हे धुणं टाळू नका, वरचा बुळबुळीत थर गेला की मगच त्या सुट्या होतात. टोपातलं पाणी ठेवा, जपानी लोक शेवटी उरलेल्या सॉसमध्ये ते घालून पितात, आणि मला तर तो घोट फार आवडतो.

सॉस म्हणजे सोया सॉस, मिरिन (तांदळाची गोड जपानी वाईन), थोडी साखर आणि दाशी, म्हणजे जपानी सूपचं पाणी. दाशी कोंबू नावाच्या समुद्री शेवाळाची आणि धुरावर सुकवलेल्या कुप्याच्या जातीच्या माशाची. ते मिळालं तर उत्तमच, नाहीतर पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेली, सुकी सुंगटं (कोळंबी) आहेत ना घरात, डोकी काढून मंद भाजा, अर्धा तास कोमट पाण्यात ठेवा, पाच मिनिटं उकळून गाळा. दाशीची चव वेगळी, हे मान्य, पण समुद्राची खोली यातही येते. शाकाहारींनी सुकी शिताके मशरूम भिजवून तेच पाणी वापरावं. रोसात मात्र हे नूडल्स घालू नका, नारळाचं दूध आणि गुळापुढे कुट्टूचा वास मरतो.

आत्ताच एका काकींनी विचारलं, पीठ किती दिवस टिकतं. कुट्टूत तेलाचा अंश असतो, आपल्या दमट हवेत ते लवकर खवट होतं, म्हणून थोडंच आणा, हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवा आणि उघडल्यावर आधी वास घ्या. जुन्या, भेसळीच्या पिठाने विषबाधा झाल्याच्या बातम्या उत्तरेतून आलेल्या आहेत. आणि काही लोकांना कुट्टूची ॲलर्जी असते, कधीकधी जोरदार, जपानमध्ये तर पाकिटावर तसं छापणं बंधनकारक आहे, तेव्हा पाहुण्यांना वाढण्याआधी सांगून वाढा.