बरणीतला उजेड

सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या एका घराचे हे खळे. ते आज सकाळीच शेणाने सारवलेले आहे, मधोमध तुळशीवृंदावन आहे, वृंदावनात ऊस आणि चिंचा-आवळ्याच्या डहाळ्या खोवल्या आहेत. कार्तिक शुद्ध द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत वाडीत रोज कुणाच्या ना कुणाच्या दारी तुळशीचे लग्न लागते, आणि दरवर्षी एकच तक्रार ऐकू येते. कठड्यावर मांडलेल्या पणत्या अंतरपाट धरेपर्यंतही टिकत नाहीत. दिवस मावळताना खारा वारा पडतो आणि पाठोपाठ डोंगराकडून मतलई वारा सुटू लागतो. हा वारा अंगाला गार आणि सुखाचा लागतो, पण उघड्या ज्योतीला मात्र तो एका झुळकीत विझवतो.

या घरातल्या वहिनींनी चार वर्षांपूर्वी त्यावर शोधलेला उपाय माजघराच्या फळीवर उलटा घालून ठेवलेला असतो. जॅमच्या, मधाच्या, कॉफीच्या आणि मुंबईकर चाकरमान्यांनी गणपतीत आणलेल्या लोणच्याच्या मिळून सव्वीस काचेच्या बरण्या त्यांच्याकडे जमल्या आहेत, आणि आत पेटती मेणबत्ती ठेवून त्यांचेच त्या कंदील करतात. भंगारवाला पत्रा घेतो, रद्दी घेतो, पण काचेकडे पाहून मान हलवतो, त्यामुळे या बरण्यांना घरात वेगळी किंमत अशी नव्हतीच. त्यांवरची लेबले निघण्यासाठी बरण्या रात्रभर गरम पाण्यात बुडवून ठेवायच्या आणि उरलेल्या चिकट डिंकावर खोबरेल तेल व खाण्याचा सोडा एकत्र करून चोळायचा, एवढे पुरते. लोणच्याचा वास जाण्यासाठी मात्र चार दिवसांचे कडक ऊन लागते.

बरणी निवडताना वहिनी रंग किंवा आकार पाहत नाहीत. त्या आधी बरणीच्या तोंडात हात घालून पाहतात. चार बोटे सहज आत जात असतील तर बरणी कामाची, नाहीतर ती मिठासाठी स्वयंपाकघरात परत जाते. या साध्या कसोटीमागचे कारण समजून घेण्यासारखे आहे, म्हणून येथे थोडे थांबू.

समजा, समोर एक उंच, अरुंद गळ्याची बाटली आहे. तिच्या तळाशी पेटती मेणबत्ती आहे. पहिले काही क्षण ज्योत सरळ उभी राहते, मग ती लांब होते, लवलवते, टोकाशी धूर सोडते आणि विझते. बाटलीत वारा नव्हता, मेणही भरपूर होते, तरीही असे घडले, कारण तापलेली हवा ज्या तोंडातून वर निघत होती त्याच तोंडातून ताज्या हवेला खाली यायचे होते आणि दोन्ही प्रवाह अरुंद गळ्यात एकमेकांना अडवत होते. आता तीच मेणबत्ती पुन्हा पेटवून गळ्यात पत्र्याची एक पट्टी उभी धरली आहे, इतकी की तोंडाचे दोन भाग व्हावेत. या वेळी ज्योत विझत नाही. पेटती उदबत्ती एका बाजूला धरली की तिचा धूर त्या बाजूने आत ओढला जातो आणि दुसऱ्या बाजूने वर येतो. रुंद तोंडाच्या बरणीला ही पट्टी लागत नाही, कारण मधून वर जाणाऱ्या आणि कडेने उतरणाऱ्या हवेला पुरेशी जागा असते. वाऱ्यापासून ज्योतीला आडोसा हवा, पण तिचा श्वास कोंडता कामा नये, ही अडचण कंदील करणाऱ्यांनी फार पूर्वी सोडवलेली आहे. कंदिलाच्या दोन्ही बाजूंच्या पोकळ नळ्या ही नुसती धरायची चौकट नसते, त्यांतूनच हवा खाली बर्नरकडे जाते. कराडजवळच्या ओगलेवाडीहून निघालेला प्रभाकर कंदील ज्यांच्या घरी होता त्यांना त्याची काच राखेने पुसल्याचे आठवत असेल, नळ्यांचे काम मात्र फार थोड्यांच्या ध्यानात आले असेल.

तोंड रुंद असले तरी बरणी फार खोल असेल तर ज्योत तळाशी गुदमरते. म्हणून वहिनी बरणीत सुकी, चाळलेली वाळू भरतात आणि मेणबत्तीची ज्योत बरणीच्या साधारण मध्यावर येईल इतकी तिची पातळी ठेवतात. त्याहून वर गेली तर वारा लागतो. वाळू मेणबत्तीला सरळ धरते, बरणीला जड करते आणि तळाच्या काचेला थेट आच लागू देत नाही. वाळू ओली मात्र नसावी. पहिल्या वर्षी नदीवरून आणलेली दमट वाळू तशीच भरली होती, आणि बरण्यांच्या आत वाफ धरून सगळा उजेड धुक्यातून आल्यासारखा दिसत होता, असे वहिनी हसत सांगतात.

बरणी टांगायची असेल तर तार लागते. बांधकामावर सळ्या बांधायला वापरतात ती काळी बाइंडिंग वायर स्वस्त आणि मऊ असते, पण खाऱ्या हवेत ती एका पावसात गंजते, म्हणून येथे जस्ताचा मुलामा असलेली तार घेतली आहे. झाकणाच्या आट्यांच्या खाली, जिथे बरणीचा गळा आत गेलेला असतो, तिथे तारेचे दोन वेढे घ्यायचे. वेढे घेताना समोरासमोर दोन छोटे फासे सोडायचे आणि टोके पकडीने पिळायची. पीळ घट्ट होत आला की तार किंचित करकरते. त्यानंतर आणखी एक फेरा द्यायचा मोह आवरावा लागतो, कारण पुढच्या फेऱ्याला तार तुटते. फाशांत अडकवलेली कडी तोंडापासून निदान वीतभर उंच हवी, कारण ज्योतीच्या थेट वरची हवा बाजूच्या हवेपेक्षा फार तापलेली असते. काथ्या किंवा सुतळी छायाचित्रात सुंदर दिसते, पण आगीवर टांगायला ती घेऊ नये. बरण्यांना लेस, रंगीत कागद आणि वाळलेली फुले चिकटवण्याची जी रीत आहे, तिच्याबद्दलही हेच म्हणावे लागेल.

साधी काच एका जागी तापली आणि शेजारी थंड राहिली की तडकते. मेणबत्ती कलून ज्योत भिंतीला लागणे किंवा तापलेल्या बरणीवर थंड पाण्याचा शिंतोडा पडणे ही तडकण्याची नेहमीची कारणे आहेत. काठाला टवका गेलेली बरणी वहिनी टांगत नाहीत. ती जमिनीवरच राहते.

आता मेणबत्तीकडे वळू. आपल्याला मेण जळताना दिसते, पण खरे तर वातीतून वर चढलेल्या पातळ मेणाची वाफ जळत असते. मायकेल फॅरडे यांनी 1860-61 च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसमोर मेणबत्तीवर सहा व्याख्याने दिली, त्यांत नुकत्याच विझलेल्या मेणबत्तीच्या धुराला पेटती काडी दाखवून ज्योत पुन्हा वातीवर उतरवून दाखवली होती. वात लांब राहिली की ती अधिक मेण ओढते, तेवढ्या वाफेला हवा पुरत नाही आणि काचेवर काजळी धरते. म्हणून पेटवण्याआधी वात अर्ध्या सेंटिमीटरपर्यंत कातरून घेतलेली बरी. पत्र्याच्या वाटीतल्या छोट्या मेणबत्त्या, ज्यांना दुकानात टी-लाइट म्हणतात, त्या या कामाला सोयीच्या आहेत, कारण सगळे मेण वितळले तरी ते वाटीतच राहते. उरलेले तुकडे वितळवून नवी मेणबत्ती ओतता येते, मात्र मेणाचे भांडे थेट गॅसवर न ठेवता गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवावे. बाजारातले मेण बहुधा 50 ते 60 अंश सेल्सिअसला वितळते, तेव्हा उकळत्या पाण्याची उष्णता त्याला पुरेशी आहे. थेट आचेवर त्याची वाफ पेट घेऊ शकते, आणि पेटलेल्या मेणावर पाणी ओतले तर ते उसळून सर्वत्र उडते. अशा वेळी भांड्यावर झाकण घालायचे आणि गॅस बंद करायचा.

सूर्य मावळला आहे. फाटकापासून वृंदावनापर्यंत दोन्ही बाजूंना तीन-तीन पावलांवर बरण्या ठेवल्या आहेत, सहा बरण्या आंब्याच्या ओल्या फांदीला टांगल्या आहेत. झावळ्यांच्या मांडवाखाली एकही टांगलेली नाही, आणि भाताच्या पेंढ्याची उडवी आहे त्या बाजूला तर एकही बरणी ठेवलेली नाही. वहिनी लांब उदबत्तीने एकेक वात पेटवत पुढे जातात. मंगलाष्टके सुरू होतात, वारा माडांच्या शेंड्यांतून उतरतो, आणि कठड्यावर परंपरेखातर ठेवलेल्या पाच पणत्यांपैकी तीन विझतात. बरण्यांतल्या ज्योती एकदा वाकतात आणि सावरतात.

सकाळी रिकाम्या वाट्या वेचून पत्र्याच्या डब्यात जातात. वाळू चाळणीतून काढली जाते, तिच्यात मेणाचे दोन-चार खडे आणि एक जळका पतंग सापडतो. ओल्या वर्तमानपत्राने काजळी पुसून बरण्या पुन्हा फळीवर उलट्या घातल्या जातात. तार मात्र त्यांच्या गळ्यात तशीच राहते.