सीएनजी किट काढलेल्या जुन्या गाडीतले इंजिन कोड कसे वाचायचे

नमस्कार मंडळी. आज तीन कोड घेऊन बसलोय. पी ०१७१, पी ०३०३ आणि पी ०४२०. जुनी पेट्रोल गाडी घेतली, थोडे दिवस मस्त चालली, मग मीटरमध्ये चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला आणि स्कॅन मारल्यावर हे तिघं एकत्र निघाले, असं झालं असेल तर पार्ट आणायला पळू नका. आधी एकच शोध घ्या. या गाडीला कधी बाहेरून सीएनजी किट बसवलं होतं का?

मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, सगळीकडे हे चालत आलंय. शोरूममधून पेट्रोल गाडी घ्यायची, बाहेर सिक्वेन्शियल किट (प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस इंजेक्टर असलेलं) टाकून घ्यायचं, पाच-सात वर्षं गॅसवर पळवायची. विकताना किट काढून नव्या गाडीत बसवायचं आणि ही गाडी पेट्रोल म्हणून विकायची. टाकी निघते, गॅसचा दाब कमी करणारा रिड्यूसर निघतो, गॅसचे इंजेक्टर निघतात. पण मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांना, पाडलेली भोकं राहतात, कापून जोडलेल्या वायरी राहतात, कूलंटच्या पाइपातले जोड राहतात.

आणि ईसीएमला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला, यातलं काहीच ठाऊक नसतं. तिच्या हिशोबात गाडी अजून कंपनीतून आली तशीच आहे. एवढी हवा आली तर एवढं पेट्रोल लागेल, हे गणित तिच्यात भरलेलं आहे. ते जुळेनासं झालं की ती कोड टाकते. म्हणजे कोणता आकडा पटत नाही, एवढंच कोड सांगतो. कोणता पार्ट गेला हे त्यात लिहिलेलं नसतं. पी ०१७१ चा अर्थ मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय. पी ०३०३ म्हणजे तिसरा सिलिंडर मिसिंग मारतोय, तिथलं पेट्रोल नीट जळत नाहीये. पी ०४२० म्हणजे सायलेन्सरच्या लाइनमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नाहीये. कोडचं नाव वाचून ओ-टू सेन्सर (सायलेन्सरच्या लाइनमधला ऑक्सिजन मोजणारा) बदलला, कॉइल बदलली, कॅट बदलला, आणि महिन्याभरात दिवा पुन्हा हजर, असं घडतं तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. कारण तो खर्च बहुतेक वेळा टाळता आला असता.

आता कामाला लागू.

[स्क्रीनवर: स्टीअरिंगखालचं सोळा पिनांचं सॉकेट]

एप्रिल २०१३ पासून भारतातल्या नव्या गाड्यांना ओबीडी-२, म्हणजे गाडीनं स्वतःचे दोष नोंदवायची पद्धत, लागू झालं. त्यामुळे तुमची गाडी त्यानंतरची असेल तर हे सॉकेट बहुतेक असेलच, साधारण स्टीअरिंगखाली. हजार रुपयांच्या आतला ब्लूटूथ स्कॅनर आणि मोबाइलवरचं अ‍ॅप एवढं आजच्या कामाला पुरतं. फक्त पी नंतर १ येणारे कोड, म्हणजे पी १ हजारातले, हे त्या त्या कंपनीचे खास असतात. त्यांचा अर्थ स्वस्त अ‍ॅप चुकीचा दाखवू शकतं, त्यासाठी कंपनीचा स्कॅनर असलेलं गॅरेज गाठा.

पहिला नियम कडक आहे: कोड लगेच उडवायचा नाही. कोडबरोबर ईसीएम एक फ्रीज फ्रेम साठवते. दिवा लागला त्या क्षणी इंजिन किती आरपीएमवर होतं, कूलंट किती गरम होतं, लोड किती, ट्रिम (पेट्रोलची कमी-जास्त, पुढे सांगतो) किती. कोड उडवला की ही माहितीही जाते. आधी त्या पानाचा फोटो काढा.

त्याच अ‍ॅपमध्ये अजून दोन गोष्टी बघा. एक, कोड उडवल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली. दोन, रेडिनेस मॉनिटर, म्हणजे ईसीएमच्या स्वतःच्या तपासण्या, पूर्ण आहेत की अपूर्ण. गाडी अजून घ्यायची असेल आणि विकणारा म्हणतोय की दिवा कधीच लागला नाही, पण कोड उडवल्यापासूनचं अंतर फक्त वीस किलोमीटर दिसतंय आणि निम्मे मॉनिटर अपूर्ण आहेत, तर अलीकडेच कोणीतरी ईसीएमची मेमरी साफ केलीये. बॅटरी काढूनही हे होतं, म्हणून थेट आरोप करू नका. पण मॉनिटर पूर्ण होईपर्यंत पैसे मात्र देऊ नका. रीमॅप केलेल्या, म्हणजे ईसीएमचं प्रोग्रॅमिंग बदललेल्या, टर्बो गाड्यांत तर याहून बिकट गोष्ट असते. काही फाइलींमध्ये ठरावीक कोड कायमचे बंद करून ठेवलेले असतात. तिथे दिवा न लागणं हा कसलाच पुरावा नाही.

आता किटच्या खुणा. डिकीतला गालिचा उचला. टाकीच्या स्टँडच्या बोल्टची भोकं, त्यावर लावलेलं सीलंट, गंज. पेट्रोलच्या झाकणाजवळ किंवा बॉनेटखाली गॅस भरायच्या व्हॉल्व्हची जागा. डॅशबोर्डवर पेट्रोल-गॅस स्विचचं बुजवलेलं भोक. मग आरसी बघा. इंधनाच्या रकान्यात पेट्रोल/सीएनजी लिहिलंय आणि डिकी रिकामी आहे, तर गोष्ट तिथेच उघड झाली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असा बदल आरसीवर नोंदवावा लागतो, किट काढल्यावरही ती नोंद दुरुस्त करून घ्या. उलट आरसीवर नुसतं पेट्रोल आहे आणि खुणा मात्र गॅसच्या आहेत, तर किट नोंद न करताच बसवलं होतं. अशा ठिकाणी वायरिंगही घाईचंच असणार, असं धरून चाला.

बॉनेट उघडा. इंजेक्टरच्या कपलरपासून मागे येणाऱ्या वायरीवर हात फिरवा. सिक्वेन्शियल किट बसवताना पेट्रोल इंजेक्टरच्या वायरी कापून मधे गॅसचा ईसीयू जोडतात, म्हणजे गॅसवर असताना पेट्रोल बंद ठेवता येतं. किट काढताना त्या परत जोडतात. सोल्डर करून नीट जोडल्या असतील तर प्रश्न नाही. नुसता पीळ मारून काळी टेप गुंडाळली असेल, तर इंजिनच्या उष्णतेनं आणि पावसाळ्याच्या ओलीनं तो जोड हिरवा पडतो. तिसऱ्या सिलिंडरच्या इंजेक्टरला नीट करंट मिळाला नाही की तिथलं पेट्रोल कमी होतं आणि तो मिसिंग मारतो. पी ०३०३ आला, पण कॉइल चांगली, प्लग चांगला!

हे घरी तपासता येतं. इंजिन बंद आणि थंड असताना तिसऱ्याची कॉइल पहिल्यावर लावा, पहिल्याची तिसऱ्यावर. गाडी चालवून पुन्हा स्कॅन करा. कोड पी ०३०१ झाला तर दोष कॉइलचा. पी ०३०३ जागच्या जागी राहिला तर प्लगची तशीच अदलाबदल करा. तरी हलला नाही, तर इंजेक्टर, त्याची वायर किंवा कम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब. प्लगचा गॅपही मोजा. गॅसवर ठिणगी नीट पडावी म्हणून बरेच जण गॅप कमी करून घेतात आणि पेट्रोलवर आल्यावर तो तसाच राहतो.

कम्प्रेशनचं नाव घेतलं, त्यावर थोडं थांबतो. सीएनजी कोरडा जळतो, आणि ज्या इंजिनाच्या व्हॉल्व्ह सीट गॅससाठी बनवलेल्या नाहीत त्या बरीच वर्षं गॅसवर चालून झिजतात. व्हॉल्व्ह आत बसत जातो, टॅपेट गॅप (व्हॉल्व्हला ठेवलेली बारीक फट) संपतो, आणि इंजिन तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. म्हणून थंड असताना गाडी ठीक आणि गरम झाल्यावर सिग्नलला थरथर, असं असेल तर टॅपेट सेटिंग आणि कम्प्रेशन टेस्ट करून घ्या. हा खर्च गाडी घ्यायच्या आधी कळला तर सगळ्यात चांगलं, कारण सीट खूप झिजली असेल तर हेड उतरवावं लागतं.

[स्क्रीनवर: अ‍ॅपमधले शॉर्ट आणि लाँग ट्रिमचे आकडे]

आता पी ०१७१, आणि हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग. फ्युएल ट्रिम म्हणजे ईसीएम आपल्या गणितापेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी पेट्रोल टाकतेय. शॉर्ट आणि लाँग दोन्हींची बेरीज करा. उणे दहा ते अधिक दहाच्या आत असेल तर ठीक. अधिक वीसच्या पुढे गेली की पी ०१७१ जवळ आला.

बेरीज दोनदा लिहून घ्या. एकदा न्यूट्रलला सावकाश चालणाऱ्या इंजिनवर, एकदा २५०० आरपीएमवर धरून. सावकाश असताना अधिक अठरा आणि २५०० ला अधिक चार, तर कुठूनतरी चोरटी हवा शिरतेय. रेस वाढली की एकूण हवेत त्या गळतीचा वाटा छोटा होतो, म्हणून आकडा खाली येतो. किट काढलेल्या गाडीत ही जागा जवळपास ठरलेली असते: मॅनिफोल्डमध्ये गॅसच्या नळ्यांसाठी पाडलेली भोकं, जी स्क्रू आणि एमसील लावून बुजवलेली असतात, नाहीतर गॅसच्या ईसीयूसाठी व्हॅक्यूमच्या नळीत टाकलेला टी-जोड. साबणाचं पाणी थोडं थोडं मारून बघा, इंजिनचा आवाज बदलतो. कार्ब क्लीनर मारू नका, गरम इंजिनवर तो पेट घेऊ शकतो. गॅरेजमध्ये स्मोक टेस्ट (आत धूर सोडून गळती शोधणं) मिळाली तर उत्तमच.

पण हे गणित ज्या गाडीत मॅफ सेन्सर आहे तिचं. तो एअर फिल्टरच्या डब्यानंतरच्या पाइपात बसतो आणि आत येणारी हवा मोजतो. आपल्याकडच्या कित्येक छोट्या पेट्रोल गाड्यांत तो नसतोच, मॅनिफोल्डवर मॅप सेन्सर असतो, जो दाब मोजतो. तिथे चोरट्या हवेनं दाबही वाढतो, ईसीएम त्या प्रमाणात पेट्रोल वाढवते, आणि ट्रिम फारसा बिघडत नाही. त्याऐवजी न्यूट्रलला आरपीएम चढून बसतं आणि पी ०५०७ येऊ शकतो. म्हणून आधी तुमच्या गाडीत कोणता सेन्सर आहे ते बघा, नाहीतर नसलेल्या गळतीमागे दिवस जातील.

सावकाश असताना आकडा बरा आणि चढावर, लोडवर तो वाढत जातो, तर पेट्रोलच कमी पोचतंय. यामागेही गॅसचा इतिहास असतो. टाकीत पेट्रोल तळाला ठेवून वर्षानुवर्षं गाडी गॅसवर फिरवली, तर टाकीतल्या पंपाला थंडावा मिळत नाही, कारण पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. इंजेक्टरही कमी वापरानं चिकटतात. फ्युएल प्रेशर गेजनं मोजून घ्या, अंदाजानं पंप बदलू नका.

किट अजून गाडीतच असेल तर काम सोपं होतं. सलग काही दिवस फक्त पेट्रोलवर चालवा. ट्रिम शून्याच्या आसपास स्थिर झाला आणि गॅसवर घेतल्यावर पुन्हा भरकटला, तर इंजिन ठणठणीत आहे, किटचं ट्यूनिंग करून घ्या. हाय प्रेशर पाइप आणि टाकीला मात्र स्वतः हात लावायचा नाही. टाकीची चाचणी दर ३ वर्षांनी लागते, तिच्यावरची तारीख वाचा.

राहिला पी ०४२०. हा शेवटी घ्यायचा, कारण तो बहुतेकदा आधीच्या दोघांमुळे येतो. मिसिंग मारणाऱ्या सिलिंडरमधलं न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन जळतं आणि आतली जाळी वितळवतं. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर हेच चालू आहे असं समजा, रेस कमी करा आणि गाडी शक्य तितक्या लवकर थांबवा. मिसिंग आणि ट्रिम दुरुस्त न करता नवा कॅट टाकला तर तोही तसाच जळेल.

दोन्ही दुरुस्त झाले, इंजिन पूर्ण तापलं, की २५०० आरपीएमवर दोन्ही ओ-टू सेन्सरचा आलेख बघा. जुन्या पद्धतीच्या सेन्सरमध्ये पुढचा ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सतत वरखाली होतो. मागचा ०.६-०.७ च्या आसपास शांत राहिला पाहिजे. मागचाही पुढच्याबरोबर नाचतोय, तर आधी गाडी खालून बघा: कॅट जागेवर आहे का, की कापून सरळ पाइप टाकलाय? मागच्या सेन्सरखाली लांबट स्पेसर घातलाय का? तो कोड दाबण्यासाठी असतो. आणि सायलेन्सरच्या जोडातून हवा आत ओढली जात नाहीये ना, हेही बघा. हे सगळं ठीक असेल आणि तरीही मागचा सेन्सर नाचत असेल, तरच कॅटची ऑर्डर द्या.