कुठवर आली?

मंडळी, विषय दिलाय 'प्रेम, वियोग आणि मी'. मी बँकेत खतावण्या लिहिलेला माणूस, एवढं ओझं मला पेलायचं नाही. तेव्हा वहाणांपासून सुरुवात करतो. कोल्हापुरात ते शोभतंही.

नवी कोल्हापुरी आधी चावते. तिला तेल पाजावं लागतं, मग कुठं ती पायाची होते. माझी जोडी करकर वाजणारी होती. संध्याकाळी मी घरात पाऊल टाकायला आणि चहा गाळायला एकच गाठ पडायची. मला वाटायचं, योगायोग! लग्नाला तीन-चार वर्षं झाल्यावर कळलं, की बोळाच्या तोंडाशी करकर ऐकू आली की ही आधण ठेवायची.

ती गेली. वहाणा वाजतच होत्या, पण आता मला त्या आवाजाची लाज वाटायला लागली. कोण आलंय ते कुणाला सांगताय बाबांनो? सहा महिने मी रबरी स्लिपर घालून हिंडलो. हसू नका, कोल्हापूरकरानं स्लिपर घालणं ही दुःखाची पराकाष्ठा आहे.

तसा मी जन्मानं सावंतवाडीकडचा. हिचं माहेर इथल्याच गंगावेशीत. दूधकट्ट्यावर म्हशीची धार थेट पेल्यात घ्यायची आणि फेसासकट प्यायची, हे हिच्या लहानपणापासूनचं. मला ते बघूनच पोटात ढवळायचं. तरी प्यायलो, चाळीस वर्षं, आणि दर वेळी 'तुझ्यासाठी पितो हं' असं ऐकवून प्यायलो. ती गेल्यावर एका संध्याकाळी पाय आपसूक तिकडं वळले. कोमट पेला हातात आला, एक घोट घेतला आणि चक्क बरं वाटलं! माझाच मला संताप आला. घरी फोटोचा हार अजून वाळला नाही, आणि मी इथं मिशीवरचा फेस पुसतोय.

पण ही आवड नक्की कुणाची? माझी म्हणावी, तर मी ती कधी मागितली नव्हती. तिची म्हणावी, तर पिणारं तोंड माझं. खतावणीत ही रक्कम जमेला धरायची की नावे टाकायची, मला अजून ठरवता आलेलं नाही. लोक सांगतात, आता स्वतःसाठी जगा. अहो, तो स्वतः आणू कुठून? माझ्यातून तिचं सगळं वजा केलं, तर खाली बाकी उरतो तो एसटीतून वळकटी घेऊन उतरलेला चोवीस वर्षांचा पोरगा. त्याची-माझी आता ओळखसुद्धा नाही.

आणि अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव. तुम्हाला मी काय सांगणार! नोव्हेंबरात ९, १०, ११ आणि पुढं ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी. मावळतीचं ऊन महाद्वारातून, गरुड मंडपातून, पितळी उंबरा ओलांडून गाभाऱ्यात शिरतं. पहिल्या दिवशी अंबाबाईचे पाय, मग छाती, तिसऱ्या दिवशी चेहरा. निदान तसं यावं. ढग आला, वाटेत एखादी इमारत आडवी आली, की मधेच विझतं. ही आत जायची आणि मी बाहेर हिच्या नि शेजारणींच्या चपलांची रास राखत बसायचो. चप्पल स्टँडवर हिचा काडीचा विश्वास नव्हता. बाहेर आली की मी विचारायचो, "कुठवर आली?" ती म्हणायची, "चेहऱ्यापर्यंत. लख्ख!" दरवर्षी हेच. एकदा दुसऱ्या दिवशीच्या पेपरात 'किरणं कमरेपर्यंतच' असं छापून आलं. मी पेपर पुढं केला, तर म्हणाली, "पेपरवाला माझ्याच मागं उभा होता, त्याला काय दिसणार?"

ती गेल्यानंतरच्या दुसऱ्या नोव्हेंबरात मी त्या वहाणा माळ्यावरून काढल्या, तेल पाजलं आणि आयुष्यात पहिल्यांदा किरणोत्सवाला आत उभा राहिलो. किरणं गुडघ्यापर्यंत चढली आणि ढग आला. सगळ्या गर्दीनं एकदम उसासा टाकला.

बाहेर आलो, तर एक म्हातारे गृहस्थ पाच-सहा जोड चपला पुढ्यात घेऊन बसलेले. माझ्या वहाणांची करकर ऐकून त्यांनी मान वर केली.

"कुठवर आली हो?"

"चेहऱ्यापर्यंत," मी म्हणालो. "लख्ख!"