कॅसेटची दुसरी बाजू

नमस्कार श्रोतेहो.

माझी आजी 94 वर्षांची होऊन गेली. शोकसभेत घरच्यांपैकी कुणीतरी बोलायचं ठरलं आणि ते माझ्यावर आलं. मी कागद घेऊन बसले. तासाभराने बघते तर कागदावर सगळी शेवटच्या दहा वर्षांतली आजी. भिंतीला हात टेकत चालणारी, कानातलं यंत्र शिट्टी मारायला लागलं की आमच्यावर चिडणारी. उरलेल्या 84 वर्षांचं काय करायचं?

त्यातली 34 वर्षं ती शिक्षिका होती. तिचा वर्ग मी पाहिला नाही, पण त्याची झळ पुरेपूर सोसली आहे. वसतिगृहातून मी तिला पत्रं लिहायचे आणि ती लाल शाईने ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करून परत पाठवायची. उत्तर वेगळ्या पाकिटात! एकदा पत्राखाली ‘अक्षर सुधारत आहे’ असा शेरा मिळाला, तर मी तो मैत्रिणींना दाखवत फिरले होते. तोंडावर कौतुक किंवा लाडाचा शब्द मात्र कधीच नाही.

शेवटी शेवटी ती पहिल्यावहिल्या वर्गाची हजेरी घ्यायची. संध्याकाळ झाली की नावं सुरू, मधेच थांबून ‘गैरहजर’ म्हणायची. सकाळी कोण येऊन गेलं ते तिला सांगता यायचं नाही, पण ही यादी पाठ. आम्ही म्हणायचो, आता भ्रम व्हायला लागला. नंतर वाचनात आलं की, म्हाताऱ्या माणसांना आयुष्यातलं काय आठवतं असं विचारलं तर साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी सगळ्यांत जास्त निघतात. मानसशास्त्रज्ञांना हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे. आणि रॉबर्ट बटलर नावाच्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने तर 1963 मध्येच लिहून ठेवलं होतं, की म्हातारपणी मागचं उगाळणं म्हणजे डोकं चळणं नव्हे, माणूस आपल्या आयुष्याचा आढावा घेत असतो. हे आधी माहीत असतं तर निदान एकदा तरी मी ‘हजर’ म्हटलं असतं.

निवृत्तीनंतर ती अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करून द्यायला लागली, अर्थात बिनपगारी. अशी बोलकी पुस्तकं ब्रिटनमध्ये 1935 साली तबकड्यांवर सुरू झाली होती, पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेले सैनिक तेव्हा वाचनावाचून बसले होते. आजीच्या वाट्याला कॅसेट आली. साठची, म्हणजे एका बाजूला 30 मिनिटं.

सुरुवातीचे काही सेकंद नुसती कोरी फीत सरकते, तिच्यावर आवाज उमटत नाही. म्हणून बटण दाबलं की ती बोटांवर दहा मोजायची. मग पुस्तकाचं नाव, धडा, पान नंबर. नवं पान आलं की नंबर पुन्हा, कारण ऐकणाऱ्याला पान उलटलेलं कळत नाही. धड्यात म्हातारा बोलतोय म्हणून म्हाताऱ्याचा आवाज काढायचा नाही. “त्यांना पुस्तक हवंय, मी नकोय,” म्हणायची. सगळ्यांत अवघड भूमिती. “त्रिकोण अबक. कोन ब काटकोन. त्याच्या समोरची बाजू अक, हा कर्ण.” एवढं बोलण्याआधी ती डोळे मिटून टेबलावर बोटाने त्रिकोण काढायची. मिटल्या डोळ्यांना तो दिसला तरच पुढे जायची. दोन्ही बाजू भरल्या की कडेचे दोन्ही प्लॅस्टिकचे दात मोडून टाकायची, म्हणजे त्यावर चुकूनसुद्धा कुणी गाणी भरायला नको.

दुपारी दोन ते चार दार बंद. त्या दाराचा मला लहानपणी फार राग होता.

तर शोकसभेत मी तो कागद वाचला. संपल्यावर पांढरी काठी घेतलेले, केस पिकलेले एक गृहस्थ पुढे आले. म्हणाले, “बाईंची नात ना तुम्ही? भूमिती, तिसरी कॅसेट, दुसरी बाजू, पान 42. तिथे दाराचा आवाज येतो आणि एक मुलगी पाणी मागते. ती तुम्हीच का?”

मला काहीच आठवत नव्हतं. म्हटलं, “मग?”

“मग बाई म्हणतात, ‘थांब बाळ, एवढा कर्ण होऊ दे.’ नंतर पेला ठेवल्याचा आवाज. आणि मग पान 42 परत पहिल्यापासून. ते पुसायचं राहिलं असणार. परीक्षेत लेखनिकाला प्रमेय सांगताना मी त्या जागी आलो की क्षणभर थांबायचो. पाणी पिऊन होईपर्यंत.”

आजीने मला बाळ म्हटल्याचं एकदाही आठवत नाही. त्यांना ते पाठ होतं.